फोन जातो, पण येत नाही

श्रोतेहो, सरकारी कचेरी असो, शाळा असो की ग्रामपंचायत, तिथल्या टेबलावर एक जाड नोंदवही असतेच. तिचे नाव आवक-जावक. आलेला कागद एका बाजूला, गेलेला कागद दुसऱ्या बाजूला. आपला कागद गेला, त्या अर्थी समोरच्याचा आलाही असेल, असे कोणताही कारकून म्हणणार नाही. टेलिफोनच्या बाबतीत मात्र आपण सर्रास असेच म्हणतो. रिसीव्हर उचलला, टोन ऐकू आला, परगावी बोलणे झाले, की 'फोन चालू आहे' असा निकाल देऊन मोकळे होतो. हा निकाल जावक फोनपुरता असतो. आवक फोनचे काय झाले ते आपल्याला कळतच नाही. जो फोन आपल्यापर्यंत पोचला नाही, तो पोचला नाही हे सांगायला कोण येणार?

माझ्याकडे एकदा असा सांगणारा आला होता. २०११ सालच्या जून महिन्यातली ही गोष्ट. धाराशिव जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, एका महाविद्यालयात मी शिकवीत होतो आणि अकरावीच्या प्रवेश समितीवर होतो. एका दुपारी भूम तालुक्यातल्या खेड्यातून एक शेतकरी एस.टी.ने आला. घामाघूम झालेला, हातात मुलीच्या दाखल्याची पिशवी. तो म्हणाला, "सर, दोन दिस झाले फोन लावतोय. घंटी वाजतीया, पण कुणी उचलंना. मग आलो उठून." आमचे लिपिक कळवळून म्हणाले, "मामा, मी इथंच बसून आहे. फोन वाजलाच नाही हो. हे बघा, चालू आहे का नाही?" आणि त्यांनी तिथल्या तिथे एक फोन लावून दाखवला. तो लागलाही.

मुलीचे नाव विज्ञान शाखेच्या प्रतीक्षायादीत वर सरकले होते. मूळ दाखला घेऊन आदल्या दिवशी दुपारपर्यंत यायचे होते. बापाला फोनवर तेवढेच विचारायचे होते. तो पोचला तोवर जागा यादीतल्या पुढच्या नावाला गेली होती. नियमाप्रमाणेच गेली होती. त्याला वाटले की कॉलेजवाले खोटे बोलतात. लिपिकाला वाटले की हा माणूस सबब सांगतो. श्रोतेहो, दोघेही खरे बोलत होते. हे कसे घडते, आणि असा बिघाड आपल्या कचेरीत कसा शोधावा, याचा आज विचार करू.

आधी थोडे मागे जाऊ. टेलिफोनच्या सुरुवातीच्या काळात दोन ग्राहकांची जोडणी हाताने करून देणारी व्यक्ती मध्ये बसलेली असे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली केंद्रे उघडली ती अशीच. पुढे माणसाच्या जागी यंत्र आले, त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे अल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. असे सांगतात की केंद्रावरची बाई त्याच्याकडे येणारे फोन त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देत असे. त्या संतापातून त्याने माणसाशिवाय जोडणी करणारे यंत्र शोधले. त्याचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले, आणि १८९२ साली इंडियाना प्रांतात ला पोर्ट येथे असे केंद्र सुरूही झाले. म्हणजे स्वयंचलित टेलिफोनच्या जन्मकथेतच आवक फोनची तक्रार आहे.

आपल्या देशात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये परगावी थेट फोन लावण्याची सोय प्रथम झाली. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी छोटे स्वयंचलित केंद्र तयार केले, आणि १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे त्यातले पहिले सुरू झाले. ट्रंक कॉल लावून तासन् तास बसण्याचे दिवस गेले, हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर एक साक्षीदारही गेला. पूर्वी केंद्रावरचा ऑपरेटर सांगे, "तुमच्यासाठी फोन होता, पण तुमचा नंबर लागत नव्हता." आता मध्ये यंत्र आहे. ते कोणाला काही सांगत नाही. म्हणून ती चौकशी आपणच करायला हवी.

आता टेलिफोन वाजतो कसा ते पाहू. तांब्याच्या दोन तारांची एक जोडी केंद्रापासून आपल्या कचेरीपर्यंत येते. त्या जोडीवर केंद्राने सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब कायम ठेवलेला असतो. रिसीव्हर खाली असतो तेव्हा वाट बंद असते आणि प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलला की वाट पुरी होते, प्रवाह वाहू लागतो, आणि कोणाला तरी बोलायचे आहे हे केंद्राला कळते. मग ते टोन देते. हे झाले जावक फोनचे.

आवक फोनची तऱ्हा वेगळी. आपली घंटा वाजवण्यासाठी केंद्र त्याच तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ वेळा उलटसुलट होणारा प्रवाह पाठवते. टेलिफोनमध्ये घंटेच्या वाटेवर एक कंडेन्सर बसवलेला असतो. तो एकदिश प्रवाह अडवतो आणि उलटसुलट प्रवाह जाऊ देतो. म्हणून एरवी घंटा गप्प राहते आणि फोन आला की वाजते. हा कंडेन्सर निकामी झाला, तर तुम्ही दिवसभर बाहेर बोलू शकाल, पण तुमची घंटा वाजणार नाही. तारा त्याच असतात, पण दोन्ही कामांचे भाग निराळे असतात. म्हणूनच एक काम चालले यावरून दुसरे चालते असे सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. फोन लावणाऱ्याच्या कानात जी घंटा वाजते, ती आपल्या टेबलावरची घंटा नसते. तो आवाज केंद्र त्याला ऐकवीत असते. मी घंटा पाठवतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती पाठवलेली घंटा पोचली की वाटेत तार तुटलेली आहे, हे केंद्राला त्या क्षणी कळत नाही. आमच्या शेतकऱ्याने ऐकलेली घंटा खरी होती, आणि लिपिकासमोरची शांतताही खरी होती.

आता बिघाड शोधायचा कसा? आपल्यापैकी बहुतेकांना हे शेतावरून ठाऊक आहे. विहिरीवर मोटार चालू आहे, पण शेवटच्या सरीत पाणी येत नाही. मग आपण काय करतो? पाटाच्या कडेने चालत जातो आणि अध्यामध्यावर पाहतो. इथवर पाणी आहे काय? असेल तर फूट पुढे आहे, नसेल तर मागे आहे. टेलिफोनचेही असेच करायचे. येणारा फोन पाच टप्पे ओलांडतो. पहिला टप्पा क्रमांक, दुसरा केंद्र, तिसरा केंद्रापासून आपल्या भिंतीपर्यंतच्या तारा, चौथा कचेरीतले जोडणीयंत्र आणि पाचवा टेबलावरचा टेलिफोन. चौथ्या टप्प्याच्या यंत्राला ईपीएबीएक्स म्हणतात. आपण त्याला बोर्ड म्हणू.

चालायला लागण्यापूर्वी साक्ष घ्यावी. ज्याचा फोन लागला नाही, त्याला पहिला प्रश्न विचारावा, "तुम्हाला काय ऐकू आलं?" नुसते 'लागत नाही' हे उत्तर पुरेसे नाही. घंटा वाजत राहिली आणि इकडे शांतता असेल, तर तार तुटली आहे, घंटा किंवा तिचा कंडेन्सर बिघडला आहे, नाही तर फोन भलत्याच ठिकाणी वळवून ठेवला आहे. नेहमीच 'गुंतलेला' असा टोन येत असेल, तर कुठेतरी रिसीव्हर नीट ठेवलेला नाही, दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, किंवा बोर्डाने लाईन धरून ठेवली आहे. एखादी घंटा होऊन फोन आपोआप उचलल्यासारखा झाला, तर त्याच तारेवर फॅक्सयंत्र आहे का ते पाहावे. पावसाळ्यात जोडात पाणी शिरले तरी असे होते. ओलाव्यातून प्रवाह झिरपतो आणि रिसीव्हर उचलला गेला असा केंद्राचा समज होतो. भलत्याच माणसाने फोन उचलला, तर क्रमांक चुकला आहे किंवा तारांची अदलाबदल झाली आहे. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' किंवा 'सेवा बंद आहे' असे ध्वनिमुद्रित वाक्य आले, तर क्रमांक तपासावा, आणि बिल भरले आहे काय हेही पाहावे.

पहिला टप्पा क्रमांकाचा. हा सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. धाराशिव शहराचा संकेतांक ०२४७२, तुळजापूरचा ०२४७१. शहराचे नाव बदलले, पण संकेतांक बदलला नाही. मोबाईलवरून फोन करणाऱ्याने शून्यासह संकेतांक आणि मग सहा आकडे लावायचे असतात. नुसते सहा आकडे लावले तर फोन लागणार नाही. शाळेच्या फलकावर, माहितीपत्रकावर आणि शिक्क्यावर क्रमांक संकेतांकासह लिहिला आहे काय, हे आज जाऊन पाहा. आणखी एक गोष्ट. १५ जानेवारी २०२१ पासून तारेच्या फोनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. सुट्टीच्या दिवशी कचेरीचे फोन मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर वळवण्याची सोय एखाद्या जुन्या बोर्डात करून ठेवलेली असेल आणि तिथे शून्याशिवायचा क्रमांक राहिला असेल, तर ते फोन मधल्यामध्ये अडकतील.

दुसरा आणि तिसरा टप्पा एकाच परीक्षेत उरकतो. एक साधा, घंटा नक्की वाजते असा टेलिफोन घ्या. केंद्राची तार भिंतीवर जिथे येते, तिथे बोर्ड सोडवून हा टेलिफोन लावा आणि शेजारच्याच्या मोबाईलवरून त्या लाईनीचा क्रमांक लावा. घंटा वाजली तर केंद्र आणि बाहेरच्या तारा निर्दोष आहेत, दोष कचेरीच्या आत आहे. वाजली नाही तर तक्रार टेलिफोन कंपनीकडे नोंदवायची, आणि काय परीक्षा केली तेही सांगायचे. एवढ्याने निम्मे काम होते. मात्र घंटेचा प्रवाह झटका देतो, म्हणून उघड्या तारांना हात लावू नये. वळीव गडगडत असताना तर हे काम मुळीच करू नये. विजेच्या लखलखाटानंतर बोर्डातली एखादी लाईन जळालेली सापडते, म्हणून वादळानंतर प्रत्येक लाईन तपासावी.

चौथा टप्पा बोर्डाचा, आणि खरी गुंतागुंत इथे असते. बाहेरच्या माणसाला मधल्या कोणाशी न बोलता थेट हव्या त्या टेबलावर फोन लावता यावा, यासाठी दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक टेबलाला जणू स्वतंत्र क्रमांक असतो. केंद्र त्या क्रमांकाचे शेवटचे काही आकडे बोर्डाकडे पाठवते आणि बोर्ड त्याप्रमाणे घंटा वाजवतो. जुन्या तारेच्या पद्धतीत इथे कामे उलटी होतात. दाब बोर्ड पुरवतो आणि वाट केंद्र पुरी करते. बोर्ड क्षणभर दाबाची दिशा उलटवून 'आकडे पाठवा' अशी खूण करतो, मग आकडे येतात. अशा लाईनीवर वर सांगितलेला साधा टेलिफोन लावला तर काहीच ऐकू येत नाही. तो बिघाड नव्हे. तिथे पाहायचे ते एवढेच, की केंद्र जितके आकडे पाठवते तितक्यांचीच बोर्ड वाट पाहतो ना. केंद्र तीन पाठवील आणि बोर्ड चौथ्याची वाट पाहत बसेल, तर फोन कुठेच पोचणार नाही.

दुसरी पद्धत आपल्या तालुक्याच्या ठिकाणी जास्त दिसते. फोन लागला की ध्वनिमुद्रित आवाज स्वागत करतो आणि हव्या त्या विभागाचा अंतर्गत क्रमांक दाबायला सांगतो. इथले दोष घरगुती असतात. निवृत्त झालेल्या लिपिकाचा क्रमांक कुलूपबंद खोलीत वाजत राहतो. बोर्डातले घड्याळ सांभाळणारा सेल संपला, की वीज जाऊन आल्यावर बोर्ड भर दुपारी रात्र समजतो आणि सगळे फोन पहारेकऱ्याच्या खोलीत पाठवतो. काहीच न दाबणाऱ्याला शेवटी माणसाचा आवाज मिळावा अशी सोय बोर्डात असते. ती बंद असेल, तर म्हातारे माणूस गोंधळून फोन ठेवून देते. ही सोय नेहमी चालू ठेवावी.

याच पद्धतीत एक चकवा असतो. बाहेरच्याने फोन ठेवला की केंद्र त्या लाईनीवर 'गुंतलेला' टोन देते. बोर्डाने तो टोन ओळखून लाईन सोडायची असते. बोर्ड परदेशी बनावटीचा असला, किंवा त्यात आपल्या देशातल्या टोनांची नोंद केलेली नसली, तर तो लाईन धरूनच बसतो. मग दिवसभर बाहेरच्यांना फोन गुंतलेला वाटतो. सकाळी बोर्ड बंद करून चालू केला की सुधारतो आणि दुपारी पुन्हा तेच. असे वारंवार होत असेल, तर बोर्ड बसवणाऱ्याला या टोनाबद्दलच विचारावे.

आता अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी फायबर आले आहे. भिंतीवरच्या डबीतून टेलिफोनची जोडणी मिळते. आवाज स्वच्छ येतो, पण एक फरक ध्यानात ठेवावा. तांब्याच्या तारेला वीज केंद्राकडूनच येत असे. गावात अंधार असला तरी साधा टेलिफोन वाजे. फायबरच्या डबीला आपल्या भिंतीवरची वीज लागते. भारनियमनात डबी बंद, तर फोनही बंद. डबीला लहानशी बॅटरी जोडणे ही चैन नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी-सास्तूरची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना बातमी वेळेवर न पोचणे म्हणजे काय हे सांगायला नको.

आता आमच्या महाविद्यालयातल्या चोराकडे वळू. आमच्या एका क्रमांकामागे तीन लाईनी होत्या. पहिली गुंतलेली असली तर फोन आपोआप दुसरीवर जावा, दुसरी गुंतलेली असली तर तिसरीवर, अशी केंद्राने सोय केलेली होती. प्रवेशाच्या दिवसांत पहिली लाईन सकाळपासून गुंतलेली असे. दुसऱ्या लाईनीची तार भिंतीपासून बोर्डापर्यंतच्या नळीत उंदराने कुरतडली होती. तुटलेली लाईन केंद्राला नेहमी मोकळीच दिसते. म्हणून केंद्र प्रत्येक फोन दुसरीवर पाठवी, बाहेरच्याला घंटा ऐकवी, आणि आत काहीच वाजत नसे. तिसरी लाईन धडधाकट होती, पण तिच्यापर्यंत एकही फोन पोचत नव्हता. कठडा नसलेल्या आडासारखी ती दुसरी लाईन वाटेवरचे सगळे गिळत होती.

आणि खूण आमच्या समोरच होती. बाहेर फोन लावताना कधी कधी टोन येत नसे. पुन्हा शून्य दाबले की येई. सर्वांना हे ठाऊक होते, आणि सर्वजण पुन्हा शून्य दाबत होते. पहिली लाईन गुंतलेली असताना बोर्ड आम्हाला त्या मेलेल्या दुसऱ्या लाईनीवर नेत होता, हे कोणाच्या मनात आले नाही. आपली अडचण दुसऱ्या प्रयत्नात सुटत होती. बाहेरच्याची किती प्रयत्नांनीही सुटत नव्हती. हातभर तार बदलल्यावर सगळे सुरळीत झाले. त्या मुलीची जागा मात्र परत आली नाही. तिने कला शाखेत नाव घातले.

त्यानंतर आम्ही एक रिवाज पाडला. दर सोमवारी सकाळी एकजण फाटकाबाहेर उभा राहून मोबाईलवरून फोन लावतो. आधी प्रत्येक लाईन एकेकटी, मग पहिली मुद्दाम गुंतवून दुसरी, मग दोन्ही गुंतवून तिसरी. काय ऐकले ते वहीत लिहितो. दहा मिनिटांचे काम आहे. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती अशी, की हे काम वरच्या वर्गातल्या मुलांना द्यावे. मुलांनी आपापल्या घरून शाळेला, ग्रामपंचायतीला, दवाखान्याला फोन लावावा आणि काय ऐकू आले ते लिहून आणावे. एकदिश आणि उलटसुलट प्रवाहाचा धडा त्यातून चांगला समजेल, आणि गावाचे कामही होईल.

श्रोतेहो, रस्ता खराब असला तर जाणारा-येणारा बोलतो. दिवा गेला तर सगळ्यांना अंधार दिसतो. आवक फोनचा बिघाड मात्र ज्याच्या घरी असतो त्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याची तक्रार त्याच बंद तारेतून यायची असते. म्हणून उद्या कचेरीत गेल्यावर, फोन चालू आहे काय हे आतून पाहू नका. बाहेर या, फाटकाशी उभे राहा, आणि एकदा स्वतःलाच फोन लावून पाहा.